दुसरी वाट कोणाला?



६ सप्टेंबर २०२५ हा शनिवार होता, इथे अबुधाबीत सुट्टीचा दिवस. युरोपातल्या एका विद्यापीठाच्या सर्व्हरवरून मोजमापांची एक मोठी फाइल उतरवून घ्यायची म्हणून मी सकाळी संगणकापुढे बसलो. एरवी चहा होईपर्यंत येणारी फाइल दुपारच्या जेवणापर्यंत रांगत राहिली. शेजारच्या खोलीतून मुलीची कुरकुर सुरू झाली की सिनेमा दर मिनिटाला अडतोय. मग बातम्या येऊ लागल्या: तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आय-मी-वी या दोन सागरी केबल तुटल्या आहेत. अमिरातीतल्या दोन्ही दूरसंचार कंपन्यांची सेवा मंदावली, भारतात आणि पाकिस्तानातही परिणाम जाणवला, मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडच्या ग्राहकांना विलंब होईल असे कळवले. इंटरनेट मंद झाले. मंद, बंद नव्हे. एका अक्षराचा हा फरक आहे आणि मला आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

माझे आजोळ सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेलगत. त्याच महिन्यात तिथे पावसाने रस्त्यावरची एक मोरी खचली. दुरुस्तीला जेसीबी आला आणि त्याच्या पहिल्याच घासाबरोबर रस्त्याकडेने गाडलेली ऑप्टिकल फायबरची केबल वर आली. पंचायतीची जोडणी गेली. तिच्याबरोबर गावाशेजारचा मोबाइलचा मनोराही मुका झाला, कारण मनोऱ्याकडे जाणारी केबल त्याच चरातून नेलेली होती. मालक वेगळे, बिले वेगळी, कागदावर दोन स्वतंत्र जोडण्या, पण चर एकच. गाव नऊ दिवस बंद होते. मामी रेशन दुकानात तीनदा जाऊन परत आली. अंगठा लावायचे यंत्र नुसतेच गोल फिरत होते. बँक मित्राकडे पैसे काढायला आलेली म्हातारी माणसे ओट्यावर बसून राहिली. मामेभावाच्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मोटरसायकलवर मागे बसून तालुक्याला जावे लागले. हे सगळे मला कळले ते दहाव्या दिवशी, कारण तोवर फोनच लागत नव्हता.

मी या क्षेत्रात वीस वर्षे काम करतो आहे. माझी पीएच.डी. नेमकी ह्याच सांध्यावरची: इंटरनेटचे राउटर आणि त्यांच्या खाली पसरलेले प्रकाशाचे जाळे यांना एकमेकांशी कसे जोडावे. तेव्हा मला तो शुद्ध अभियांत्रिकीचा प्रश्न वाटत असे. तो तसा नाही, हे कळायला मामीचे रेशन चुकावे लागले.

सांधा म्हणजे काय, ते आधी सांगतो. माझे वडील रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आरएमएसमध्ये सॉर्टर होते. आरएमएस ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचे समजावून सांगायला नको. भिंतभर खण, त्यांवर गावांची नावे. सॉर्टर पत्रावरचा पत्ता वाचतो आणि ते योग्य त्या खणात टाकतो. खण भरला की थैली बांधायची, लाख लावायची आणि गाडीत चढवायची. गाडी पत्ते वाचत नाही. तिच्या दृष्टीने थैली म्हणजे थैली. ती मुंबईहून निघते आणि सोलापुरात उतरते.

राउटर म्हणजे तो सॉर्टर. इंटरनेटवरच्या मजकुराचे छोटे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, राउटर तो वाचतो आणि पुढच्या राउटरकडे ढकलतो. पण दोन राउटरमधले अंतर शेकडो किंवा हजारो किलोमीटरचे असते, आणि ते तोडण्याचे काम करते प्रकाशाचे जाळे. केसाएवढ्या काचेच्या एका तंतूतून आज ऐंशी-नव्वद वेगवेगळ्या रंगांचे प्रकाशकिरण एकाच वेळी जातात. 'रंग' हा आपला सोयीचा शब्द, कारण डोळ्यांना हे अवरक्त किरण दिसत नाहीत. प्रत्येक रंगावर सेकंदाला शंभर अब्ज बिट किंवा त्याहून अधिक. जमिनीवर साधारण दर ऐंशी किलोमीटरवर प्रकाशाला पुन्हा बळ द्यावे लागते. ह्या जाळ्यातली यंत्रे पत्ता वाचत नाहीत. हा रंग इकडून आला, तो तिकडे वळवा, एवढेच त्यांना ठाऊक.

आता वडिलांकडे परत येतो. सोलापूरची टपाल मुंबईहून सिद्धेश्वरने जाई, मद्रास मेलनेही जाई. दोन गाड्या, दोन वेळा, दोन क्रमांक. पण वडिलांना माहीत होते की दोन्ही गाड्या बोरघाट चढूनच पुण्याला जातात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तर दुसऱ्या गाडीचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. मग कसारा घाटाने मनमाडवरून दौंडला जाणारी वाट धरावी लागे. ती लांबची, उशिराची, पण खरोखर वेगळी. सॉर्टरच्या डोक्यात रेल्वेचा नकाशा होता. खणांवर फक्त गावांची नावे लिहिलेली असली तरी त्यांच्यामागे कुठला घाट आहे, ते त्याला ठाऊक असे.

राउटरला ते ठाऊक नसते. त्याला दिसतात त्या दोन तारा: एक इकडे, एक तिकडे. दोन्ही पुढे एकाच केबलमध्ये शिरतात का, एकाच पुलावरून जातात का, समुद्राच्या तळाशी एकमेकींपासून काही किलोमीटरवर पडल्या आहेत का, हे त्याला कोणी सांगितले तरच कळणार. आमच्या क्षेत्रात ह्याला 'सामायिक जोखमीचा गट' अशा अर्थाचे नाव आहे. ज्या ज्या जोडण्या एकाच घावात तुटू शकतात, त्या सगळ्यांना एक खूण द्यायची आणि ती राउटरला कळवायची, की पहिली वाट ह्या खुणेची असेल तर दुसरी ह्या खुणेची घेऊ नकोस. कल्पना एवढीच आहे. गणिताच्या दृष्टीने ती थोडी किचकट होते, पण अवघड नाही.

अवघड आहे ते सांगणे. २००० सालाच्या आसपास, जेव्हा जगभर फायबर गाडण्याची झिंग चढली होती, तेव्हा इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या मंडळींत ह्यावर बराच खल झाला. २००४ साली त्यांच्या चौकटीचे आणि रचनेचे दस्तऐवज प्रसिद्ध झाले. त्यांत प्रामुख्याने दोन मार्ग होते. पहिल्यात राउटर आणि प्रकाशयंत्रे बरोबरीचे नागरिक: दोघांना एकच नकाशा दिसतो आणि वाट मिळून ठरते. दुसऱ्यात राउटर हा गिऱ्हाईक: त्याने 'मला इथून तिथे एक वाट द्या' म्हणायचे, आणि प्रकाशाचे जाळे ती देणार. कुठून नेली, हे विचारायचे नाही. पहिल्याला समानांचा मार्ग म्हणू, दुसऱ्याला पडद्याचा. मधले समझोतेही होते. व्यवहारात मुख्यतः पडद्याचाच मार्ग चालला.

का? तांत्रिक कारणे दिली गेली आणि त्यांतली काही खरी होती. एवढी मोठी माहिती सगळ्या राउटरना वाटत बसणे जड जाते. दोन्ही थर एकाच वेळी दुरुस्तीला धावले तर एकमेकांच्या पायात पाय अडकतात: जुनी प्रकाशकडी पन्नास मिलिसेकंदांत वाट बदलून मोकळी होते, राउटरना मात्र जुन्या रीतीने शेजारी गेल्याचे कळायलाच चाळीस सेकंद लागू शकतात. पण मी जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की खरे कारण खातेनिहाय होते. टेलिफोनच्या काळापासून चालत आलेले 'ट्रान्समिशन' खाते एकीकडे, नंतर आलेले 'डेटा' खाते दुसरीकडे. वेगळे साहेब, वेगळी अंदाजपत्रके, वेगळे पुरवठादार. आणि कंपन्यांच्या बाबतीत तर आपली केबल नेमकी कुठून जाते हे सांगणे म्हणजे 'ह्या दोन महागड्या स्वतंत्र वाटा प्रत्यक्षात एकच आहेत' हे गिऱ्हाइकाला कळू देणे. नकाशा झाकून ठेवण्यात पैसा आहे.

पडद्यामागे काय लपते, ते २००८ साली जगाने पाहिले. मी तेव्हा मुंबईत संशोधक विद्यार्थी होतो. ३० जानेवारीला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग ह्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या. एक मार्सेलपासून सिंगापूरपर्यंत जाणारी, दुसरी इंग्लंडपासून जपानपर्यंत. मालक वेगळे, बांधणीची वर्षे वेगळी, कागदावर एकमेकींना पर्याय. दोन्ही फुजैराला टेकतात, दोन्ही मुंबईला टेकतात आणि दोन्ही भूमध्य समुद्रातून इजिप्तमध्ये अशा वर येतात की एका दिवसात दोघींचा निकाल लागावा. १ फेब्रुवारीला दुबईपासून ५६ किलोमीटरवर फाल्कन केबल तुटली. दुरुस्तीला गेलेल्या जहाजाला तळाशी एक टाकून दिलेला नांगर मिळाला, काही टन वजनाचा. पाठोपाठ कतार आणि अबुधाबीचे दास बेट यांच्यातली केबलही बिघडली. भारताची निम्म्याहून अधिक बँडविड्थ गेल्याचे तेव्हा सांगितले जात होते. कटाच्या किती कथा त्या आठवड्यात फिरल्या! आमच्या प्रयोगशाळेत मात्र एकच चर्चा होती: ज्यांनी दोन केबलींवर जागा विकत घेऊन स्वतःला सुरक्षित समजले होते, त्यांना नकाशा कोणी दाखवलाच नव्हता.

थोडे विषयांतर. इथले मराठी लोक सुट्टीत ओमानच्या मुसंदमला जातात, खसबहून लाकडी नावेत बसून डॉल्फिन बघतात. त्या फेरीत एक उघडेबोडके बेट लागते, नाव टेलिग्राफ आयलंड. १८६४ साली हिंदुस्थानला युरोपशी जोडणारी तारायंत्राची केबल ह्या आखातातून टाकली तेव्हा तिथे ठाणे होते. उन्हाने आणि एकटेपणाने माणसे हैराण होत. काही वर्षांतच ते सोडावे लागले. ज्या खाडीत ते बेट आहे तिला इंग्रजांनी एल्फिन्स्टन इनलेट असे नाव दिले होते, मुंबईकराला हे नाव वेगळे सांगायला नको. १८७० साली मुंबईहून एडन आणि सुएझमार्गे समुद्री तार गेली आणि आखाताच्या वाटेला दुसरी वाट मिळाली. गंमत अशी की दीडशे वर्षांनंतरही मुंबईचा युरोपशी होणारा बहुतेक संवाद त्याच तांबड्या समुद्रातून जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये हूथींच्या हल्ल्यात निकामी झालेले रुबीमार हे जहाज नांगर ओढत भरकटले आणि तिथल्या तीन केबल तुटल्या. मुंबईच्या बाजूलाही परिस्थिती काही वेगळी नाही: येणाऱ्या बहुतेक केबल वर्सोव्याच्या आसपासच्या थोड्याशा किनारपट्टीत वर येतात. कोळीवाड्यातल्या माणसाला त्यांची जागा आपल्यापेक्षा अधिक नेमकी माहीत आहे, कारण तिथे जाळे टाकता येत नाही.

असो. प्रश्न असा की सप्टेंबर २०२५ मध्ये अबुधाबी बंद का पडली नाही? कारण १७ वर्षांत इथे लोकांनी धडा घेतला आणि त्यावर पैसे खर्च केले. फुजैरा हे बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर, ओमानच्या आखातावर आहे. आशिया-युरोपच्या केबल तिथे येतात आणि तिथून जमिनीवरून अबुधाबी-दुबईकडे. २००८ नंतर नव्या केबली आल्या, पूर्वेकडून सिंगापूरमार्गे फिरून जाण्याची सोय वाढली, जमिनीवरून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटांचे प्रयत्न झाले. दुसरी वाट ही कल्पना ह्या देशाला तेलाने शिकवली आहे. सगळे तेल होर्मुझमधून जाते, ती वाट अडली तर काय, म्हणून हबशानपासून फुजैरापर्यंत वाळवंट आणि डोंगर ओलांडून तेलवाहिनी टाकली. ती २०१२ साली सुरू झाली. वाट अडण्याआधी दुसरी वाट बांधायची असते, हे ज्याच्याकडे गमावण्यासारखे पुष्कळ आहे त्याला चांगले समजते.

पण अमिरातीचे कौतुक करून मला थांबायचे नाही. घरापर्यंत फायबर नेण्यात हा देश अनेक वर्षे जगात आघाडीवर आहे, हे खरे. ते फायबर वाळूत गाडणारे हात आपल्याच बिहारचे, तेलंगणाचे, उत्तर प्रदेशचे आहेत, आणि त्यांची मुसफ्फातली खोली 'घर' ह्या मोजणीत कशी धरावी हा प्रश्नच आहे. आठ खाटांची खोली, प्रत्येकाच्या उशाशी प्रीपेडचा मोबाइल. शिवाय वर्षानुवर्षे इथे व्हॉट्सॲपवरून बोलता येत नसे, ठराविक परवानाप्राप्त ॲपच चालत. काच गावच्या आईचा आवाज आणि शेअरबाजाराचा आकडा यांत फरक करत नाही, तिला तो करताच येत नाही. पत्ता वाचून कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे, ते राउटर ठरवतो, म्हणजे राउटरला जो सांगतो तो ठरवतो. काच आणि राउटर यांच्या सांध्यावर कोण बसले आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ आमच्या शाखेचा राहत नाही.

आता पुन्हा मामीच्या गावाकडे, म्हणजे भारताच्या धोरणाकडे. सगळ्या ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. तिचा पैसा सार्वत्रिक सेवा निधीतून येतो, ज्याला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरच्या पाच टक्के आकारणीतून तो जमतो, म्हणजे फोनचे बिल भरणाऱ्या प्रत्येकाने तो भरलेला आहे, मामीनेही. पहिल्या टप्प्याची रचना झाडासारखी होती: तालुक्यापासून एक तंतू निघतो, वाटेत त्याच्या फांद्या होतात, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक पंचायत. स्वस्त आणि मस्त रचना, शहरातल्या घराघरांत फायबर नेतात ती हीच. पण फांदी मोडली की टोकाला दुसरी वाट नाही. आणि शहरात केबल तुटली तर चार तासांत माणूस येतो. माळरानावर मोरीखाली तुटली तर कोणी यायचे, हे ठरवतानाच आठवडा जातो.

सरकारला हे कळले नाही असे म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात, ज्याचा आकडा १,३९,५७९ कोटी रुपयांचा आहे, झाडाऐवजी कडी स्वीकारली आहे. प्रत्येक पंचायत कडीवरचा एक मणी. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने पोचता येते. त्यात तालुक्याला आणि पंचायतीत खरे राउटर बसवायचे आहेत, दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच आहे, तंतू कुठे तुटला ते दुरून कळवणारी यंत्रणा आहे. मार्च २०२३ पासून खोदण्याआधी कळवा म्हणणारे एक सरकारी ॲपही आहे. बेशिस्त खोदाईने देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटींचे नुकसान होते, असे ते आणताना सरकारनेच सांगितले. माझ्या शाखेतला माणूस म्हणून हे सगळे वाचून मला मनापासून बरे वाटले. झाडाची कडी केली, हा बदल लहान नाही. अशी यंत्रे बनवायचे ज्ञान आपल्याकडे नाही असेही नाही. आयआयटी मुंबईत प्रा. अश्विन गुमास्ते यांच्या गटाने विकसित केलेला कॅरिअर इथरनेट स्विच राउटर हैदराबादच्या ईसीआयएलकडे उत्पादनासाठी गेला होता.

पण कडी नकाशावर गोल काढणे आणि जमिनीवर गोल असणे ह्यांत अंतर आहे. खोदाई हा सगळ्यांत महाग भाग. गावाला येणारा रस्ता बहुधा एकच, रस्त्याकडेला खोदायची परवानगी एकच. मग कंत्राटदाराच्या दृष्टीने सोपे काय? एकाच चरात दोन नळ्या टाकायच्या, एकीतून कडी गावात आणायची आणि दुसरीतून बाहेर काढायची. राउटरला दोन तारा दिसतील. पडद्यावर कडी हिरवी दिसेल. तपासणी करणारा तालुक्याला बसून एक बाजू बंद करेल, दुसरी चालू राहील, शेरा 'उत्तीर्ण'. जेसीबी मात्र दोन्ही नळ्या एका घासात उचलेल. आमच्या भाषेत ही चपटी कडी. जगभर अशा पुष्कळ आहेत, श्रीमंत देशांतही. राउटरकडे नकाशा नाही, तपासनीसाकडे नाही, आणि पंचायतीकडे तर नाहीच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की पंचायतींना फायबर पोचले की नाही, किती किलोमीटर टाकले, हे आकडे मोजणे आता पुरे. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीबद्दल एकच गोष्ट जाहीर व्हावी: गावात येणाऱ्या दोन वाटा कुठे कुठे एकत्र येतात. कोणत्या मोरीवर, कोणत्या पुलावर, किती मीटर. हीच माहिती राउटरलाही हवी आणि ग्रामसभेलाही हवी. एकदा नीट गोळा केली की दोघांनाही देता येते. ज्या समानांच्या मार्गाला कंपन्यांनी वीस वर्षांपूर्वी नकार दिला, तो सार्वजनिक पैशाने बांधलेल्या जाळ्यात नाकारायचे कारण नाही. इथे लपवण्यासारखे गिऱ्हाईक नाही.

ह्यावर मला ठरावीक आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला सुरक्षेचा: नकाशा उघड केला तर घातपात होईल. देशाच्या मुख्य धमन्यांचा नकाशा उघड करा असे मी म्हणत नाही. पण गावच्या रस्त्याकडेला तर 'खाली केबल आहे' म्हणून दगड उभे असतात, आणि आजवर त्या केबली कोणी घातपाताने तोडलेल्या मला माहीत नाहीत. त्या तुटतात खाली काय आहे हे न कळल्यामुळे. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला दोन स्वतंत्र चर परवडत नाहीत. पण दुसरी वाट चरातूनच आली पाहिजे असे कोणी सांगितले? विजेच्या मनोऱ्यांवरच्या सगळ्यांत वरच्या तारेत फायबर असते, महापारेषणच्या काही वाहिन्यांवर ते आहे. रुळांच्या कडेने रेलटेलचे ६० हजार किलोमीटरहून अधिक फायबर देशभर पसरले आहे. तालुक्यापर्यंत ह्या वाटा खरोखर वेगळ्या आहेत, रस्त्याच्या दरडीशी त्यांचा संबंध नाही. शेवटच्या आठ-दहा किलोमीटरला एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर रेडिओची जोडणी चालते. रेशनच्या यंत्राला आणि बँक मित्राला बँडविड्थ अशी लागतेच किती? सिनेमा अडला तर अडू दे. दुर्गम पंचायतींना भारतनेटमध्येही उपग्रहाने जोडलेले आहे. उपग्रहावर सगळा भार टाका म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. ती वाट राखीव म्हणून ठीक, रोजची म्हणून महाग, आणि तिचा नकाशा तर आणखीच दूर कोणाच्या तरी हातात. कडीला पर्याय म्हणून तिचे नाव घेणारे मला बहुधा कडी बांधायचा कंटाळा आलेले दिसतात.

एक गोष्ट तांत्रिक लोकांसाठी. २०२० पासून राउटरमध्येच खोचता येईल अशी ४०० गिगाबिटची रंगीत प्रकाशाची डबी मानकानुसार मिळू लागली आहे. पूर्वी ज्याला वेगळे कपाट लागे ते आता बोटभर डबीत आले. साधारण शंभर किलोमीटरपर्यंत राउटर थेट राउटरशी प्रकाशाने बोलतो, मधले यंत्र गळते. आमच्याकडे ह्याचा मोठा गाजावाजा आहे: दोन थर अखेर एक झाले. कपाटे एक झाली, हे मान्य. पण ती डबी तरी कुठल्या मोरीखालून जाते, हे राउटरला अजूनही कोणी तरी सांगावेच लागते.

आता आपल्याबद्दल थोडे, म्हणजे जे बाहेर राहतो आणि गावासाठी काही करू पाहतो त्यांच्याबद्दल. आपण शाळेला संगणक देतो. टॅब देतो, भिंतीवरचा मोठा पडदा देतो, त्यावर वडिलांचे नाव घालतो. मीही दिला आहे. त्या नऊ दिवसांत तो पडदा फडके घालून झाकलेला होता, असे मामेभाऊ म्हणाला. आणि खरे तर त्याआधीही बरेच दिवस. पुढच्या वेळी देणगी देण्याआधी मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना दुसऱ्या वाटेबद्दल विचारा. उत्तर 'माहीत नाही' असेच येईल. मग तेच माहिती अधिकारात विचारायला गावातल्या कोणाला तरी मदत करा. २००५ चा कायदा आपल्या हातात आहे, अर्ज दहा रुपयांचा आहे, टॅबपेक्षा पुष्कळ स्वस्त. परदेशात बसून आपल्याला असा अर्ज लिहून देता येतो, नेमके काय विचारायचे ते सांगता येते. मी मराठीत एक पानाचा मसुदा केला आहे, त्यात 'सामायिक जोखमीचा गट' वगैरे काही नाही. त्यात विचारले आहे: गावाकडे येणारी पहिली केबल कोणत्या रस्त्याने येते, दुसरी कोणत्या, आणि दोन्ही कुठून कुठपर्यंत एकत्र आहेत. ज्यांना हवा त्यांनी कळवावे.

मामेभावाने हाच प्रश्न २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लेखी दिला. सरपंचबाईंना तो लगेच समजला, कारण नऊ दिवस त्यांचाही फोन बंद होता. ग्रामसेवकांनी कागद घेतला, वाचला आणि इतिवृत्तात 'केबल तुटल्याबाबत तक्रार' अशी नोंद केली. तक्रार नव्हे, माहिती विचारली आहे, असे भावाने सांगितल्यावर त्यांनी 'तक्रार' खोडून वर 'विचारणा' लिहिले. त्या पानाचा फोटो त्याने मला त्याच रात्री पाठवला. मोरीजवळ केबल पुन्हा जोडली आहे. तीच, त्याच चरात.